खोपटची गिनती

शाळेच्या स्मरणिकेसाठी वडिलांवर दोन पानं लिहून द्या, असं पत्र आलं तेव्हा त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. पत्रात मथळाही तयार होता: आदर्श सैनिक, आदर्श शिक्षक, आदर्श कुटुंबप्रमुख. मी फक्त मधल्या जागा भरायच्या होत्या. आठ दिवस कागद समोर घेऊन बसलो आणि शेवटी तब्येतीचं कारण सांगून मोकळा झालो. तब्येत ठणठणीत होती. पण त्या तीन आदर्शांच्या मध्ये एक संध्याकाळ बसली होती, खोपटच्या एसटी डेपोतली, आणि ती वगळून मला आबांबद्दल एक ओळही लिहिता येईना.

आबा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडचे. अठराव्या वर्षी पायदळात भरती झाले, एकाहत्तरच्या लढाईत होते, हवालदार होऊन बाहेर पडले. फौजेत असतानाच बाहेरून परीक्षा देत देत बीए झाले होते. मग शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं आणि डोंबिवलीच्या एका शाळेत भूगोल आणि पी.टी. शिकवायला लागले. लढाईबद्दल ते फारसं बोलत नसत. पोरांनी विचारलं, तुम्ही किती मारले, तर म्हणायचे, मी मोजायचो ते आपले. एवढंच. त्यांचं तिथलं मुख्य काम तेच होतं म्हणे, प्रत्येक हालचालीनंतर तुकडीची गिनती घ्यायची. त्यांच्या गिनतीत कधी माणूस चुकला नाही, ह्याचा त्यांना पदकापेक्षा जास्त अभिमान होता.

ही गिनती त्यांनी घरीही आणली. आमच्या दोन खोल्यांत रात्रीची ताटं मांडली की आबा भिंतीला पाठ लावून बसायचे आणि हुकूम सुटायचा, "गिनती कर." ताई म्हणायची, एक. आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, दो. मी तीन. मग आबा स्वतः, चार, आणि जेवायला सुरुवात. आईने जन्मात तेवढा एकच हिंदी शब्द वापरला असेल. शेजारचे हसायचे. मला लाज वाटायची, पण खरं सांगायचं तर "तीन" म्हटल्यावर भूक जास्त लागायची.

शाळेत त्यांच्या संचलनाच्या पथकात छत्तीस मुलं होती. आबा कुणाला नावाने हाक मारत नसत, नंबराने मारत. मी तेईस. माझ्या शेजारी बसायचा तो माझा जिवाभावाचा मित्र, चौबीस. आबांनी आम्हाला कधी हात लावला नाही. त्यांची शिक्षा वेगळी होती आणि ती त्यांनी फौजेतून जशीच्या तशी उचलली होती. एक मुलगा उशिरा आला तर बाकीच्या पस्तीस जणांनी हात वर करून उन्हात उभं राहायचं, तो येईपर्यंत. आल्यावर त्याला काहीच बोलायचे नाहीत. त्याने फक्त त्या पस्तीस जणांच्या समोरून आपल्या जागेवर चालत जायचं. छडी परवडली असती. एकदा चौबीसमुळे आम्ही वीस मिनिटं हात वर करून होतो आणि नंतर मधल्या सुट्टीत त्याला पोरांनी बदडला. त्यानंतर तो घड्याळ नसताना सगळ्यांच्या आधी हजर असायचा.

चौबीसला वडील नव्हते. आई चार घरी पोळ्या करायची. आम्ही आठवीत असताना, जानेवारीत, तिचं पोटाचं ऑपरेशन निघालं आणि ती ठाण्याच्या सरकारी इस्पितळात होती. हा मामाकडे राहत होता आणि मामा काही रोज त्याला ठाण्याला नेत नव्हता. बारा दिवस त्याने आईला बघितलं नव्हतं. त्यातच सव्वीस जानेवारीला ठाण्याच्या मैदानावर जिल्ह्याचं संचलन होतं आणि आमचं पथक तिथे जाणार होतं.

संचलन झेंडावंदनाला झालं, मग भाषणं, मग दुपारी बक्षिसं. आमचा दुसरा नंबर आला. आबांनी छातीला तीन पदकं लावली होती आणि ते त्या दिवशी चक्क हसत होते. साडेपाचच्या सुमाराला सगळ्यांना वडापाव वाटला. आमची एसटीची खास गाडी खोपटच्या डेपोत उभी होती, तिथे चालत जायचं होतं. वडापाव खाता खाता चौबीस माझ्या कानाशी आला.

"मी आईला बघून डायरेक्ट डेपोत येतो. उशीर झाला तर माझा नंबर दे. गाडी सुटायच्या आत पोचतोच."

मी म्हटलं, आबांना विचार की. ते नाही म्हणणार नाहीत. तो म्हणाला, नाही म्हणाले तर मग जाताच येणार नाही. हे बरोबर होतं. आबा हो म्हणाले असते की नाही हे मला आजही सांगता येत नाही. त्याने आपला अर्धा वडापाव कागदात गुंडाळून खिशात घातला आणि तो गर्दीतून निघून गेला.

आबांची रीत अशी की गिनती उभ्याने, रांगेत, तोंडं बघत घ्यायची. पण डेपोत पोचलो तेव्हा अंधारायला लागलं होतं. ड्रायव्हर कावला होता, त्याला पुढची फेरी होती, तो हॉर्नवरचा हात काढेना. आबा म्हणाले, चढा, आत घेतो. मुलं ढकलाढकली करत चढली. आबा पुढे दरवाज्याशी उभे राहिले. इंजिन चालू होतं, गाडीचे पत्रे थडथडत होते, आतले दिवे लागलेले नव्हते.

"गिनती कर."

एक. दो. तीन. आवाज मागे मागे येत होते. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. त्याच्यामुळे पुन्हा सगळ्यांना खाली उतरवतील, हात वर करून डेपोत उभं करतील, ठाण्याची माणसं बघतील, दुसरा नंबर आलेलं पथक आणि वर आबांचा पोरगा त्यात, हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं. शिवाय तो येणारच होता. गाडी अजून उभीच होती. मी तेईस म्हटलं. मग खाली वाकलो, हनुवटी छातीला लावली आणि घसा जाड करून म्हटलं, चौबीस. पुढच्याने पच्चीस म्हटलं. छत्तीसपर्यंत एकही आकडा अडला नाही. क्षणभर काहीच झालं नाही, मग आबांनी कंडक्टरला खूण केली आणि घंटी वाजली.

तो पोचला होता. हे आम्हाला नंतर कळलं. गाडी डेपोच्या फाटकातून बाहेर वळत असताना तो रस्त्यावरून पळत आला, ओरडला, आणि मागची टपावर चढायची शिडी त्याने धरली. पाय ठरला नाही. तो पडला आणि मागून दुसरी गाडी येत होती. त्या ड्रायव्हरचा काही दोष नव्हता, तो बिचारा पुढे कित्येक दिवस इस्पितळात येऊन व्हरांड्यात बसायचा. आम्ही मात्र कळव्याचा पूल ओलांडून गाणी म्हणत डोंबिवलीला निघालो होतो. मीही म्हणत होतो.

डोंबिवलीत उतरताना आबांनी सवयीने प्रत्येकाच्या खांद्याला हात लावला. पस्तीस भरले. त्यांनी पुन्हा रांग लावली, पुन्हा पस्तीस. चौबीस कुठे आहे, असं त्यांनी विचारलं, आणि एकही मुलगा बोलला नाही. मागच्या बाकावरच्या दोघातिघांना जागा रिकामी दिसली असणार, पण तेही मूग गिळून बसले. मी म्हटलं, तो आईला बघायला जाणार म्हणत होता. एवढंच म्हटलं. आबा त्याच गाडीत परत चढून ठाण्याला गेले.

उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याची आई ज्या इस्पितळात होती तिथेच, तिच्या वरच्या मजल्यावर. तिसऱ्या दिवशी आबा मला डबा घेऊन तिकडे घेऊन गेले. व्हरांड्यात त्याची आई भिंतीला धरून उभी होती. तिचे टाके अजून काढलेले नव्हते. आबा तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि तिने आवाज न चढवता विचारलं, "सर, माझं एकच पोर. तेवढंही मोजता आलं नाही तुम्हाला?"

आबा सावधान उभे राहिले. हात मांडीला चिकटलेले, नजर समोर. फौजेत ओरडा खाताना उभे राहत असतील तसे. मी दोन पावलांवर डबा धरून होतो. बोलायची जागा तीच होती. मी डबा खाली ठेवला आणि आत चौबीसकडे गेलो. तो पांढराफटक पडला होता. तो म्हणाला, कुणाला सांगू नकोस, मीच तुला सांगितलं होतं ना. त्याच्या आईला कळलं की तिला भेटायला म्हणून त्याने सरांना फसवलं, तर ती स्वतःलाच खाईल, असं त्याचं म्हणणं होतं. मला ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं. त्याच्या आईच्या आड मी छान लपलो.

शाळेने आबांकडे खुलासा मागितला. आबांनी तो जेवायच्या पाटावर कागद ठेवून आमच्यासमोर लिहिला आणि आईला वाचून दाखवला. गिनती मी घेतली. नीट घेतली नाही. चूक माझी आहे, मुलांपैकी कोणाची नाही. आई रडायला लागली. ती म्हणाली, अहो, आकडा तर भरला होता ना, मग कुणीतरी दिला असेल त्याचा, ते तरी लिहा. आबा म्हणाले, गिनती घेणाऱ्याची असते. आणि त्यांनी खाली सही केली.

त्यांच्याकडून पी.टी. गेलं, पथक गेलं. पुढच्या वर्षी ते पर्यवेक्षक होणार होते, ते राहिलं ते कायमचंच. भूगोल तेवढा उरला. शिट्टी आणि पदकं त्यांनी बिस्किटांच्या एका डब्यात घातली आणि डबा माळ्यावर टाकला. घरची गिनतीही त्याच दिवसापासून बंद झाली. पहिल्या रात्री ताटं मांडल्यावर आई सवयीने थांबली, तर आबा म्हणाले, वाढ. मात्र तेव्हापासून जेवायला बसताना ते एकदा माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, काही राहिलंय का? मी म्हणायचो, नाही. मला वाटायचं, अभ्यासाचं विचारतात. रोज विचारायचे. मी दहावी झालो, बारावी झालो, कोर्टात कारकून म्हणून लागलो, तरी विचारायचे. आबा अजून तुमचा अभ्यास घेतात का, असं माझी बायको नवीन असताना थट्टेने म्हणाली होती.

दर मंगळवारी आणि शनिवारी ते चौबीसच्या घरी जात. त्याची बुडालेली आठवी त्यांनी घरी बसवून पुरी केली, मग नववी, मग दहावी. नकली पाय बसवायचा होता तेव्हा त्याला पाठुंगळी घेऊन जिना उतरायचे, रिक्षाने स्टेशन, ठाणं, पुन्हा परत. नव्वदनंतर अपंगांना टेलिफोनचे बूथ मिळायला लागले तेव्हा त्याच्या अर्जासाठी त्यांनी ठाण्याच्या कचेऱ्यांचे इतके खेटे घातले की तिथला शिपाई त्यांना सलाम करायला लागला. बूथ मिळाला. सुरुवातीला चौबीसची आई त्यांना दारातूनच बघायची. मग पाणी द्यायला लागली, मग चहा. त्यांच्यासाठी कमी साखरेचा चहा वेगळा टाकायची, आणि आबांना एखाद्या मंगळवारी उशीर झाला तर पोराला खिडकीतून बघायला लावायची. आबांनी मला कितीदा म्हटलं, चल. मला नेहमी काहीतरी काम असायचं. चौबीस आणि मी रस्त्यात भेटलो तर क्रिकेटबद्दल बोलायचो.

निवृत्त व्हायला दोन वर्षं असताना आबांना पोटाचा कॅन्सर निघाला. निदान झालं तेव्हाच उशीर झाला होता. मी तोवर कळव्याला बिऱ्हाड केलं होतं. कोर्ट सुटलं की डोंबिवलीला यायचो, रविवारी दिवसभर असायचो. आबांना दाढी वाढलेली खपायची नाही, पण त्यांचा हात थरथरायला लागला होता, म्हणून रविवारी मी त्यांची दाढी करायचो. डॉक्टरांनी महिना म्हटलं होतं आणि त्यातला निम्मा गेला होता. मला रोज वाटायचं, आज सांगू, आणि रोज जिवावर यायचं. हा माणूस आपण गिनती चुकलो असं समजून मरणार, आणि एका वाक्याने ते ओझं मी उतरवू शकतो, आणि तरी माझी जीभ उचलत नव्हती. मी भित्रा होतो. दुसरा शब्द नाही.

त्या रविवारी दुपारी आई शेजारी गेली होती. मी त्यांच्या उजव्या गालावरून वस्तरा फिरवत होतो. ते अगदी हळू म्हणाले, काही राहिलंय का? त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की हा प्रश्न अभ्यासाचा कधीच नव्हता.

"आबा, खोपटला चौबीस मी दिलेला."

वस्तरा त्यांच्या गालावरच थांबला. त्यांनी डोळे मिटले.

"आधी गाल पूर्ण कर," ते म्हणाले.

मी केला. डावाही केला. टॉवेलने तोंड पुसलं. मग ते बोलले, थांबत थांबत, पण वर्गात शिकवल्यासारखं नीट. माहीत आहे, म्हणाले. पोटच्या पोराचा आवाज ओळखू येत नाही का? तेईस आणि चौबीस एकाच गळ्यातून आले, हे मला दरवाज्यातच कळलं होतं.

मी विचारलं, मग उठून बघितलं का नाही?

"वाटलं, दिवसभर ओरडून त्याचा घसा बसला असेल, म्हणून शेजारचा देतोय. तू खोटा नंबर देणार नाहीस असं धरून चाललो. दुसऱ्याचा पोरगा असता तर मी मागे जाऊन बघितलं असतं. तू होतास म्हणून नाही गेलो. शाळेला लिहून दिलं ते खरंच लिहून दिलं मी."

मी त्यांच्या पायाशी बसून रडलो. अकरा वर्षं का विचारलं नाहीत, असं म्हटलं, तर म्हणाले, रोज विचारत होतो. मग थोडं पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "तिला सांग. त्याच्या आईला. सगळं सांग, माझंही. मला धीर झाला नाही."

लढाईतून आलेला माणूस हे म्हणत होता. मी हो म्हटलं. ते पुढच्या शुक्रवारी गेले.

तेराव्याला माणसं जेवून पांगल्यावर चौबीसची आई आली. आमच्या घराचे तिन्ही जिने चढून आली होती. पोराला चढवत नाही म्हणून तो खाली रिक्षात बसला होता. ती आईजवळ बसली आणि आबांचंच बोलत राहिली. सर एकदा चुकले, पण त्यांच्यासारखं माणूस मी बघितलं नाही, असं म्हणाली. माझ्या भावाने केलं नाही ते त्यांनी केलं. मी तिला चहा आणून दिला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसून सांगितलं. वडापावपासून सांगितलं. चौबीसने काय म्हटलं होतं, मी काय केलं, सगळं. आई माझ्याकडे बघत राहिली, तिलाही हे नवीनच होतं.

चौबीसच्या आईने पूर्ण ऐकून घेतलं. चहा हातातच होता. पोरगा तिला बघायला म्हणूनच तिकडे आला होता, हे तिला ठाऊक होतं. अर्धा वडापाव घेऊन आला होता, म्हणाली, आणि मीच त्याला थोडा वेळ थांब म्हटलं होतं. मग तिने एकच विचारलं.

"सरांना ठाऊक होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. आबांचं नाव राहिलं असतं. पण सगळं सांग असं ते म्हणाले होते.

"हो," मी म्हटलं. "त्यांनी माझा आवाज ओळखला होता. माझा होता म्हणून ते उठले नाहीत."

तिने कप खाली ठेवला, भरलेला.

"म्हणून यायचे होय," ती म्हणाली. "मला वाटायचं, मायेनं येतात."

ती उठली, कठडा धरून एकेक पायरी उतरत गेली. मी वर दारात उभा राहिलो. खाली रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला आणि ती गेली. मायेनंही येत होते, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं ते रात्री, भांडी आवरताना. ते सांगायला मी अजून तिच्याकडे गेलेलो नाही.